ह्यांच्या पोटातली माझी किडनी

ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं, ह्यांनी वाढवलेलं. मे संपत आला की त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या दिवसांत ह्यांना घरातलं काहीही सांगायचं नाही असा आमच्याकडं नियमच होता. पायांवर सूज होती, तोंडाला चव नव्हती, जिना चढताना धाप लागायची, तरी हे दुकानात जात राहिले. शेवटी एका दुपारी गल्ल्यावरच चक्कर येऊन पडले. शेजारच्या दुकानदारानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

मी पोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते, "बीपीच्या गोळ्या कधी बंद केल्या? दोन्ही किडन्या खाल्ल्यात त्यानं."

ह्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हिला विचारा. हिच्या हातचं खारट खाऊन झालंय हे."

नर्स माझ्याकडं बघायला लागली. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि ह्यांच्या तोंडाला लावली. नंतर मात्र ते बोट मला पुष्कळ दिवस दिसत राहिलं.

माझं माहेर सिल्लोडच्या पुढं. वडिलांनी उभं आयुष्य मेंढरं राखली, मग थोडी मका आणि कपाशी केली. मी दहावी झाले म्हणून शहरातलं स्थळ आलं. सासरचेही आमच्याच जातीतले, पण मेंढरं सोडून ते फार आधी शहरात आले होते आणि तेवढ्यानं स्वतःला वेगळे समजत होते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासू शेजारणीला म्हणाली, "पोरगी कामाची हाय, पण अंगाचा लोकरीचा वास जाईना." मी रोज दोनदा आंघोळ करायला लागले. ह्यांनी ते बघितलं, हसले, आणि आईच्या बोलण्याला मान डोलावली.

हे मला मारत नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण बायका पहिल्यांदा तेच विचारतात. दोनदा हात उचलला, तो मी धरत नाही. पण ह्यांच्या घरात माझ्या कुठल्याच गोष्टीला वेळ नव्हता. वडील शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा भावाचा निरोप आला. तेव्हाही जूनच होता. मी घरी बसून गणवेशांना काजं-बटणं करत होते, शाळेची मोठी ऑर्डर होती.

मी म्हणाले, "एक दिवस जाऊन येते. तोंड बघून लगेच परत फिरते."

हे म्हणाले, "ऑर्डर दे आधी. म्हातारी माणसं अशी पटकन जात नसतात."

मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. भावानं मला उंबऱ्यातून आत घेतलं, पण त्याच्या बायकोनं चहा विचारला नाही. मला तिचं चुकलं असं वाटलं नाही.

आणि तरी मला हा माणूस आवडत होता. हे लिहायला मला लाज वाटते, पण खोटं लिहून काय करू. दुकानात आलेल्या पोराकडं नुसतं बघून हे त्याचं माप सांगायचे, टेप लावायची गरज नसायची. घडी घालताना ह्यांचे हात इतके हलके चालायचे की मी कामाचं निमित्त काढून दुकानात थांबायचे. दिवाळीच्या सुमाराला सीताफळं आली की हे दौलताबादकडून येणाऱ्या बाईकडून टोपली घ्यायचे आणि त्यातलं सगळ्यात पिकलेलं, डोळे उघडलेलं फळ काही न बोलता माझ्या ओट्यावर ठेवून निघून जायचे. आईला कळू द्यायचे नाहीत. तेवढं एक फळ मी वर्षभर पुरवायचे. आज मला वाटतं, ते फळ दुसऱ्या दिवशी नासेल म्हणून हे ठेवत असतील.

डायलिसिस सुरू झालं. हाताची शीर फुगवून तिथं सुया टोचायच्या, चार-चार तास रक्त मशीनमधून फिरवायचं. हे रडायचे. मी ह्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणी किडनी दिली तर माणूस पुन्हा उभा राहील. सासूला साखर होती, ती बाद झाली. धाकटा दीर भावकीतल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "दादासाठी एक काय, दोन्ही देतो." त्याच्या तपासण्या झाल्या, जुळलं. मग त्याचा फोन लागेना. त्याच्या घरी गेलं की तो बाहेरगावी असायचा.

सासू एका सकाळी माझ्याजवळ ओट्याशी आली. कधी यायची नाही. म्हणाली, "त्याचं नको आता. त्याची लेकरं लहान हायेत, उद्या काही कमी-जास्त झालं तर कुणी बघायचं? तुझं काय, तुझी लेक मोठी झाली. तुझी बी तपासून घे की."

मी म्हणाले, "मी आधीच घेतली. जुळलीय."

ते खरं होतं. दीर फोन उचलेनासा झाला त्याच आठवड्यात मी एकटी जाऊन रक्त देऊन आले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. सासू म्हणाली, "बरं केलंस," आणि भाजीत मीठ बघून गेली.

दवाखान्यात किडनी देणाऱ्याची मुलाखत घेतात. समिती असते, कॅमेरा लावलेला असतो, आणि घरच्यांना बाहेर बसवतात. रिक्षात सासूनं मला पढवून ठेवलं होतं. "म्हणायचं, प्रेमानं देते. दुसरं काही बोलू नको, न्हायतर अडकवतात ते लोक." आत चष्मा लावलेली एक बाई होती. तिनं दार लावून घेतलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"इथं तुमच्या घरचं कुणी नाही," ती म्हणाली. "तुम्हाला द्यायची नसेल तर मला सांगा. आम्ही बाहेर सांगू की तुमची किडनी तपासणीत बसत नाही. तुमच्यावर काही येणार नाही. कुणाचा दबाव आहे का?"

मला काय हवंय हे लग्नापासून मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते अशा ठिकाणी, कॅमेऱ्यासमोर, एका अनोळखी बाईनं. मी उठून निघून जाऊ शकत होते. तिनं मला दार उघडून दाखवलं होतं.

"दबाव नाही," मी म्हणाले.

"मग का देताय?"

"प्रेमानं देते."

सासूनं पढवलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि ते खरं होतं. त्याचाच मला राग आला. खोटं असतं तर मी सुखी झाले असते. बाईनं मान हलवली, काहीतरी लिहिलं, आणि पुढच्याला बोलवायला सांगितलं.

ऑपरेशननंतर मला आधी चालवायला लागले. बरगडीखाली कुणी विस्तव ठेवल्यासारखं दुखत होतं. ह्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, काचेच्या आड. नर्स म्हणाली, "टेबलावरच लघवी सुरू झाली, ताई. तुमची किडनी एकदम फर्स्टक्लास." मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरून रडले. दुसऱ्या दिवशी तोंडाला मास्क लावून मला काचेपाशी उभं केलं. हे डोळे उघडून माझ्याकडं बघत होते. त्यांनी ओठ हलवले. मला ऐकू आलं नाही म्हणून नर्सनं आत जाऊन विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "दुकानाची चावी कुणाकडं दिली, विचारतायत."

घरी आल्यावर ह्यांच्यासाठी खोली धुऊन-पुसून वेगळी केली होती. बघायला माणसं यायची. दारातूनच बघायची, हात जोडायची, आणि मग चहा लागायचा. पोटाला पट्टा बांधून मी ओट्याशी उभी राहायचे. लेक तेव्हा पुण्यात शिकत होती, पंधरा दिवस सुट्टी काढून आली होती. तिनं एकदा पाहुण्यांसमोर माझ्या हातातून भांडं काढून घेतलं आणि म्हणाली, "हिचंपण ऑपरेशन झालंय. माहितीय का कुणाला?" आतून ह्यांचा आवाज आला, "आवाज कमी कर. डॉक्टरनं मला शांतता सांगितलीय."

पुढच्या वर्षी वटपौर्णिमेला आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळानं माझा सत्कार ठेवला. मांडव घातला, दोन खुर्च्या मांडल्या, एक मला, एक ह्यांना. एका बाईनं भाषणात मला आजची सावित्री म्हटलं. मी मनात म्हणाले, तिनं नुसतं बोलून नवरा परत आणला होता, तिच्या पोटावर टाके नव्हते. मग ह्यांच्या हातात माईक दिला. हे बोलायला चांगले. डॉक्टरांचे आभार मानले, दवाखान्याचे मानले, आईच्या पुण्याईचे मानले, कुलदैवताचे मानले. दुकान सांभाळणाऱ्या नोकराचेही मानले. माईक परत दिला आणि बसले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मांडीवरच्या नारळाकडं बघत होते.

घरी आल्यावर शाल कपाटात ठेवताना हे म्हणाले, "लई मोठी केली तुला लोकांनी."

त्या दिवसापासून काहीतरी उलटंच सुरू झालं. मला वाटलं होतं, ह्यांच्या पोटात माझं काही आहे म्हटल्यावर हे मवाळ होतील. निदान आवाज खाली येईल. झालं भलतंच. हे माझ्याकडं बघेनासे झाले. मी खोलीत आले की पेपर वर करायचे. दुकानात कुणी गंमतीनं म्हणालं, "आता तुम्ही वहिनींच्या जिवावर," तर तो माणूस पुन्हा दुकानात दिसला नाही. सीताफळांची टोपली बंद झाली. एकदा मी विचारलं, "माझं काही चुकतंय का?" तर म्हणाले, "तुझं काय चुकणार? तू तर देवी हायेस." ते मला शिवीसारखं लागलं, आणि तसंच लागावं म्हणून म्हटलं होतं.

मला आता कळतं. माझ्यासमोर ह्यांना लहान झाल्यासारखं वाटत होतं आणि ते ह्यांना सहन होत नव्हतं. मी कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. कदाचित बोलून दाखवलं असतं, भांडले असते, तर ह्यांना सोपं गेलं असतं.

किडनी बदलल्यावर जन्मभर गोळ्या असतात. वेळेवर घ्याव्या लागतात, नाहीतर शरीर त्या परक्या अवयवाला स्वीकारत नाही. पहिली काही वर्षं मी हातात पाणी घेऊन उभी राहायचे. मग हे म्हणाले, "मी काय कुक्कुलं बाळ हाय का? दुकानात घेत जाईन. तिथं घड्याळ समोर असतं." गोळ्यांचा डबा दुकानात गेला. माझ्याही मनाला बरं वाटलं, कारण पाण्याचा ग्लास घेताना हे ज्या नजरेनं बघायचे ती मला नकोशी झाली होती.

हे सुकायला लागले तेव्हा मला वाटलं सीझनची दगदग. मग पायांवर पुन्हा सूज दिसली. मी हट्टानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागद बघून आधी माझ्याकडं, मग ह्यांच्याकडं बघितलं.

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

मी म्हणाले, "बंद नाहीत. दुकानात घेतात की."

"रक्तात औषधाचा मागमूस नाही, ताई."

हे भिंतीकडं बघत होते. मग हळूहळू बाहेर आलं. कन्नडच्या पलीकडं एका खेड्यात एक झाडपाल्याचं औषध देणारा माणूस होता. दर अमावास्येला हे माल आणायला जातो सांगून तिकडं जायचे. त्यानं सांगितलं होतं की दुसऱ्याची वस्तू अंगात ठेवून माणूस स्वतःचा राहत नाही. काढा घेतला तर स्वतःच्या दोन्ही किडन्या पुन्हा जाग्या होतील, मग ह्या उसन्या किडनीची गरज नाही.

डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणाले, "ह्या बाईनं स्वतःचं शरीर कापून दिलं होतं तुम्हाला."

"दिली होती," हे म्हणाले. "पण अंगाला लागली नाही. माझी नव्हतीच ती."

कॅबिनमधून बाहेर आल्यावर मी ह्यांना बाकावर बसवलं आणि समोर उभी राहिले. आजूबाजूला माणसं होती. मला पर्वा वाटली नाही.

"ती माझी होती," मी म्हणाले. "तुम्हाला नको होती तर माझ्याकडंच राहू द्यायची होती."

ह्यांनी खाली बघितलं. "आता झालं ते झालं. रिक्षा बघ."

मी रिक्षा बघितली. ह्यांना घरी आणलं, जेवायला वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन सिल्लोडच्या बसमध्ये बसले. लग्नानंतर पहिल्यांदा कुणाला न विचारता माहेरी गेले. लेकीला फोन केला तर ती रडायला लागली. म्हणाली, "आई, आता परत जाऊ नको. मी खोली घेते, तू माझ्याकडं ये. खरंच ये." मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले. भावाच्या अंगणात बसून मी पुष्कळ वर्षांनी नुसती बसले. भावजय आता म्हातारी झाली होती. तिनं मला चहा दिला आणि जुन्या गोष्टी काढल्या नाहीत.

मग कळलं की पुन्हा डायलिसिस सुरू झालंय. दीर मोटारसायकलवरून ह्यांना दवाखान्याच्या फाटकापाशी सोडतो आणि निघून जातो. परत येताना हे पायऱ्यांवरून घसरले, कपाळाला टाके पडले. सासू तोवर गेली होती. घरात ह्यांना पाणी द्यायला कुणी नव्हतं. मला कुणी बोलावलं नाही. ह्यांनी तर नाहीच. त्यांचा फोन यावा म्हणून मी वाट बघत होते असंही नाही, कारण तो येणार नाही हे मला ठाऊक होतं. एका सकाळी मी उठले, वेणी घातली आणि संभाजीनगरच्या बसमध्ये बसले. भाऊ थांब्यापर्यंत आला. तो म्हणाला, "तुला मारून टाकलं तरी तू जाशील तिथंच." मी कंडक्टरकडं तिकिटाचे पैसे दिले.

लेकीला फोन करून कळवलं. ती म्हणाली, "तू त्यांच्यावर जेवढं प्रेम केलंस, तेवढं कधी माझ्यावर केलंस का गं? आठवून बघ आणि मला सांग." मी आठवून बघितलं. तिला अजून सांगितलेलं नाही. ती आता सणावारी फोन करते, तब्येत विचारते, आणि वडिलांचं नाव निघालं की तिला काहीतरी काम आठवतं. मी जोडलेली माणसं धरायला गेले आणि माझ्याच पोटची सुटली.

आता आमचं असं चाललंय. आठवड्यातून तीनदा मी ह्यांना स्कूटरवर मागं बसवून दवाखान्यात नेते. स्कूटर मी चाळिशीनंतर शिकले. हे माझा खांदा धरत नाहीत, मागची कडी धरतात. मी बाहेरच्या बाकावर बसते. तिथं बायकाच बायका असतात. पुरुषाचं डायलिसिस असेल तर बाहेर बायको, आणि बाईचं असेल तर बाहेर तिची आई नाहीतर बहीण. मी हे कुणाला बोलून दाखवलेलं नाही, पण तिथं बसणाऱ्या प्रत्येकीला ते दिसतं.

मागच्या वर्षी तिथं खुलताबादची एक पोरगी यायची. नवरा दर्ग्याजवळ चादरी आणि फुलं विकायचा, तिशीच्या आत किडन्या गेल्या. ती माझ्याशी मराठीत बोलायची, नवऱ्याशी त्यांच्या दखनीत. एकदा माझ्याजवळ सरकून म्हणाली, "काकू, मी द्यायला निघालेय. माझी जुळली. तुम्ही दिली होती ना? लई दुखतं का?"

"दुखतं. मग राहतं."

"घरचे म्हणतात नको. माझी अम्मी तर बोलत नाय माझ्याशी. तुम्ही सांगा, देऊ का?"

तोंडापर्यंत आलं होतं, देऊ नको. तुझी आई बरोबर आहे. पण तिच्या चेहऱ्यावर विचारायचं असं काही नव्हतंच, ठरलेलं होतं. मी म्हणाले, "दिलीस तर गोळ्या तू स्वतःच्या हातानं दे. गिळेपर्यंत समोरून हलू नको. आणि त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नको."

ती हसली. "अपेक्षा कशाची काकू? माणूस राहिला म्हणजे बास."

"मीपण असंच म्हणायचे," मी म्हणाले. तिला ते आवडलं नाही. नंतर ती दुसऱ्या बाकावर बसायला लागली, आणि मग दिसेनाशी झाली.

परवा ती दोघं तपासणीला आली होती. ती जरा सुकलेली, तो मात्र भरलेला, गालांवर रक्त आलेलं. तिची पिशवी, फाइल, पाण्याची बाटली सगळं त्याच्या हातात. तिला बाकावर बसवलं, पंखा तिच्या बाजूला फिरवायला शिपायाला सांगितलं. शेजारी एक अनोळखी म्हातारा बसला होता. त्यानं नुसतं विचारलं, "पेशंट कोण?" तर हा पोरगा म्हणाला, "मैं था, चाचा. ये मेरी घरवाली. इनेच किडनी दी मेरेकू. इसकीच वजे से खडा हूँ." म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघून हात वर केला, दुवा दिली. पोरगी लाजून खाली बघायला लागली. मग तिची नजर माझ्यावर पडली आणि तिनं मला ओळखून मान हलवली.

मला आनंद व्हायला हवा होता. तिच्याजवळ जाऊन पाठीवरून हात फिरवायला हवा होता. माझ्यानं उठवलं नाही. मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्याचं दाखवलं आणि ती दोघं आत जाईपर्यंत मान वर केली नाही. इतक्या वर्षांत मी ह्यांचा हेवा केला नाही, दिराच्या बायकोचा केला नाही, सासूचाही नाही. त्या पोरीचा केला.

थोड्या वेळानं ह्यांचं डायलिसिस संपलं. मी हाताला पट्टी बांधून दिली, चपला पायांसमोर ठेवल्या. उठताना ह्यांनी माझ्या दंडाला धरलं, तेवढं तर धरावंच लागतं. दारातून जाताना म्हणाले, "मघाशी बाहेर कोण बोलत होतं एवढ्या मोठ्यानं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "पायरी आहे, सांभाळून."